फ्री साइज

बुरखा सोडला तर गाऊनइतकं अंग झाकणारं कापड नालासोपाऱ्यातल्या तुळिंज रोडवर दुसरं विकायला नाही. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसलग, कोपरापर्यंत बाही, कमरेला ना पट्टा ना चुणी. पोट दिसत नाही, पाठ दिसत नाही, कंबर नक्की कुठे आहे याचाही थांग लागत नाही. साडीत यातलं सगळं दिसतं. तरी साडी नेसून कोथिंबिरीची जुडी आणायला खाली उतरलेली बाई घरंदाज, आणि तीच गाऊनवर उतरली की ‘हिला जनाची नाही, मनाची तरी?’ अंगप्रदर्शन म्हणून आपण ज्यावर इतका गळा काढतो, त्याचा अंग दिसण्या-न दिसण्याशी संबंध फार थोडा आहे. गाऊनकडे जरा नीट पाहिलं तरी हे कळतं.

नालासोपारा पूर्वेच्या चाळींत आणि चाळींना खेटून उठलेल्या इमारतींत सकाळी उठल्यापासून दुपारी काम आटपेपर्यंत बाई गाऊनवर असते. त्याला कारणं आहेत. दहा बाय बाराची खोली, डोक्यावर पत्रा नाहीतर तापलेली स्लॅब, समोर गॅस, आणि पाणी आलं रे आलं की ड्रम-कळशा भरायची पळापळ. समुद्र जवळ असल्यामुळे मे महिन्यात आणि ऑक्टोबरात घाम वाळतच नाही. अशा हवेत सहा वार साडी, परकर आणि घट्ट ब्लाउज अंगावर बाळगून कणीक मळून पाहावी, मग संस्कृतीवर बोलावं.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला हे गाऊन मांडलेले असतात. कॉटनचे एका ढिगात, अल्पाइनचे दुसऱ्या, पुढे चेन लावलेले फीडिंग गाऊन हँगरला वेगळे. घेणारी बाई अंगाला लावून बघत नाही. खांद्याची शिवण दोन्ही हातांनी ताणते, कापड बल्बसमोर धरून कितपत पारदर्शक आहे ते पाहते, ‘रंग जाणार नाही ना? आटणार नाही ना?’ एवढं विचारते. मापाचा प्रश्न ती काढायच्या आतच गाडीवाला निकालात काढतो : ‘फ्री साइज आहे ताई, कोणालाही बसेल.’

कोणालाही बसेल असं शिवलेलं दुसरं काय मिळतं बाईला? ब्लाउजसाठी शिंपी टेप लावतो आणि ‘मागच्या वेळेपेक्षा दोन इंच वाढवावं लागेल’ हे दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा सांगतो. जीन्सला आकडे असतात, आणि ते आकडे नेमके आपल्या कमरेशी येऊन संपतात. गाऊन यातलं काही विचारत नाही. बाळंतपणानंतर सुटलेलं पोट, पाळी गेल्यावर पसरलेली कंबर, आजारपणात खंगलेले खांदे, सगळं त्यात सारखंच मावतं.

आणि नेमक्या याच कपड्यावर बंदी येते. 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात तिथल्या महिला मंडळानं ठरवलं की गावात दिवसा गाऊनवर हिंडायचं नाही, हिंडणारीला 500 रुपये दंड. (तेवढ्यात तेव्हा दोन गाऊन आले असते.) 2018 मध्ये आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलापल्लीनं दंड 2,000 रुपयांवर नेला, वर चुगली करणाऱ्याला 1,000 रुपयांचं बक्षीस ठेवलं. बंदीची वेळही ठरवून दिली, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. 2023 मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीनं पत्रक काढलं की आवारात लुंगी आणि नाइटी घालून फिरू नये. त्यात निदान लुंगी तरी आली.

सात ते सात ही वेळ मला फार बोलकी वाटते. बाई तीच, कापड तेच, झाकलेला भागही तोच. संध्याकाळी सात वाजून एका मिनिटानं त्यातली अश्लीलता कुठे जाते? ती अंगात किंवा कापडात असती तर तिनं घड्याळाचं ऐकलं नसतं. गाऊन हा झोपण्याचा, घरातला, मोकळं असण्याचा कपडा आहे. तो घालून चारचौघांत आलेली बाई न बोलता एवढंच सांगते की या घडीला मी कोणी बघावं म्हणून नटलेली नाही. खटकतं ते हे. साडीतलं उघडं पोट चालतं, कारण ती नेसताना बाईनं निऱ्या घातल्या, पदराला पिन लावली, आरशात पाहिलं. म्हणजे बघणाऱ्याची दखल घेतली. गाऊनवाली ती घेत नाही.

गोठिवलीच्या बायकांना हसणं मात्र सोपं आहे आणि ते मला पटत नाही. मूळच्या गावाला शहरानं चारी बाजूंनी घेरलं, भाडेकरू आले, दुकानं आली, रस्त्यावर अनोळखी पुरुष वाढले, की गावच्या बाईच्या हातात काय उरतं? त्या पुरुषांच्या नजरा आवरणं तिच्या हातात नसतं. शेजारणीचा गाऊन आवरणं असतं. तुळिंजनंही हेच पाहिलंय. एकेकाळचं गाव, भोवती भातशेती; आता कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेली माणसं एका जिन्यावर राहतात. एकमेकांच्या चालीरीती ठाऊक नसलेल्या माणसांना दुसऱ्याची पारख करायला कपड्याइतकं हाताशी दुसरं काही नसतं. म्हणून मंडळाचा निर्णय चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. भीती खरी होती, दंड मात्र भीती घालणाऱ्यावर बसला नाही, ज्यांना भीती होती त्यांच्यावरच बसला.

तुळिंजमध्ये दंडाची गरजच पडत नाही, कारण बायकांनी स्वतःच तोड काढली आहे. गाऊनवर ओढणी. ओढणी नसेल तर टॉवेल, तोही नसेल तर नळावर जाताना छातीशी धरलेली कळशी. पुरुष विचारतात, आधीच एवढं झाकलेलं असताना वर ओढणी कशाला? बायका उत्तर देत नाहीत, कारण ते सर्वांना माहीत आहे. घरात ब्रा काढून ठेवलेली असते. ओढणी झाकते ते कातडं नाही. झाकते ते न बांधलेलं अंग, जसं आहे तसं, थोडं ओघळलेलं, चालताना हलणारं. लोकलच्या लेडीज डब्यात अनोळखी बाई कानाशी येऊन ‘अगं, पट्टी दिसतेय’ म्हणते आणि आपण घाईघाईनं ती आत सारतो, ती यातलीच दुसरी बाजू. ब्रा घातली नाही हे दिसता कामा नये आणि घातली आहे हेही दिसता कामा नये. अंग आपोआपच ठाकठीक आहे, असा देखावा उभा राहिला पाहिजे.

इथून पुढे हा विषय कपड्यांचा राहत नाही, अंगकाठीचा होतो. बिनबाह्यांचा ड्रेस तोच. सडपातळ पोरीनं घातला की ‘मॉडर्न’, चाळिशीतल्या दणकट दंडाच्या बाईनं घातला की ‘हे वय आहे का, शोभतं का?’ दंड दोघींचेही उघडेच. हरकत दंडांच्या घेराला आहे. पण ‘तू जाडी आहेस, नजरेसमोरून हो’ असं तोंडावर म्हणता येत नाही. ‘शोभत नाही’ म्हणता येतं. सभ्यतेच्या नावाखाली जे बोललं जातं त्यातलं निम्मं मला असं, जाडीच्या किळसेला नेसवलेलं सोवळं वाटतं.

आमच्या या पट्ट्यातल्या जुन्या वेशांकडे पाहा. अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या कोळणींचं लुगडं गुडघ्यापर्यंत चढवलेलं, पोटऱ्या उघड्या. वारली बाईचं लुगडंही गुडघ्यापर्यंतच. मासळीची टोपली किंवा लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चिखलातून, वाळूतून जायचं तर घोळ सांभाळत बसणं परवडत नाही. याला कोणी अंगप्रदर्शन म्हटलं नाही, आणि आपला समाज मोठ्या मनाचा होता म्हणून म्हटलं नाही असंही नाही. त्या बायका कष्टकरी, त्यांचं अंग कामाचं. घरंदाजपणाच्या स्पर्धेत त्यांना कोणी उतरवलंच नव्हतं, मग गुण कशाला कापायचे? पुढे सिनेमानं तेच लुगडं नाचगाण्यासाठी उचललं आणि इंचाइंचानं आखूड केलं, तेव्हा त्यातलं अंग सगळ्यांना एकदम दिसू लागलं. आणि कोळणीची मुलगी कॉलेजात जाऊ लागली ती घोट्यापर्यंतच्या सलवारीत.

‘आपले पूर्वज मोकळे होते, ही लाज इंग्रजांनी शिकवली’ हे वाक्य इथे हमखास येतं. सोपाऱ्याच्या लोकांना तर त्यासाठी लांब जायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचं दान आहे, तसा लेखच त्यावर आहे. त्याच चैत्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. भरदार नितंब, जड स्तन, कमरेला मेखला आणि वस्त्र जवळपास नावालाच. ब्रह्मचारी भिक्षू रोज तिथून आत-बाहेर करत होते. मला ती शिल्पं आवडतात. पण त्यांच्यावरून मोकळेपणाचा दाखला काढायला माझं मन धजत नाही. त्यात एकही बाई म्हातारी नाही, एकही खप्पड नाही, एकीचंही पोट बाळंतपणानं सुटलेलं नाही. अंग झाकण्याचा आग्रह तेव्हा नसेल, अमुकच अंग दिसावं हा आग्रह होताच.

मराठी पडद्यावर 1938 साली ‘ब्रह्मचारी’मध्ये मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि केवढा गहजब झाला. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक मास्टर विनायक. टीका झाली आणि लोकांनी गर्दीही केली. तेव्हा वाद होता तो कपड्याचा, मराठी घरातली बाई हे घालते म्हणजे काय. 83 वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधल्या वनिता खरात यांनी हातात पतंग घेऊन विवस्त्र छायाचित्र काढून घेतलं. कल्पना अभिजित पानसे यांची, कॅमेरा तेजस नेरूरकर यांचा. आपल्या स्थूल शरीराबद्दल अभिमान, असा त्यामागचा विचार होता. कौतुक बरंच झालं. शेरेही आले, आणि ते नग्नतेवर जितके होते तितकेच वजनावरही होते. बारीक नटीचं असं छायाचित्र ‘बोल्ड’ ठरतं. जाड बाईला आधी धाडसी ठरावं लागतं.

त्या छायाचित्राचं मोल मी कमी करत नाही. विनोदी कार्यक्रमांत जाड बाई ही स्वतःच विनोद असते, अशा जागी काम करणाऱ्या नटीनं हे करणं सोपं नाही. उमादेवी खत्री 1947 च्या ‘दर्द’च्या गायिका होत्या, त्यांची गाणी गाजली होती. पुढे पडद्यावर आल्या, टुणटुण झाल्या आणि ते नाव देशभरातल्या जाड मुलींना शाळेत चिकटलं. आवाज विसरला गेला, घेर उरला. बारीक असणारीचीही सुटका नाहीच. तिच्यासाठी सुकट आहे, काडी आहे, ‘वारा आला तर धरून ठेवा हिला’ आहे. मुलगी पाहायला आलेल्यांना शेलाटी हवी असते, आणि लग्नाला वर्ष झालं की तीच माणसं ‘सासरी खायला घालत नाहीत का गं?’ विचारतात. अंग धरलं तर ‘मानवलं हो!’ आणि जास्त धरलं तर ‘सुटलीस.’ मानवणं आणि सुटणं यांच्या मध्ये किती किलो बसतात, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

पण स्वतःच्या शरीरावर प्रेम करा, तुम्ही आहात तशाच सुंदर आहात, ही जी नवी शिकवण आली आहे तिनं मला थोडं दमायला होतं. सुंदर असण्याची अट तीतही कायमच आहे. फक्त परीक्षेचा निकाल आधीच जाहीर केलाय, सगळ्या पास. पहाटे डबे भरून, फलाटावर रेटारेटी करून, विरार फास्टच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून चर्चगेटपर्यंत जाणाऱ्या बाईनं आता आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटावर प्रेमही करायचं? तिला त्या पोटाचा विचारच दिवसभर करावा लागला नाही, तर तिला जास्त बरं वाटेल. गाऊन मला भावतो तो म्हणूनच. तो तिला सुंदर म्हणत नाही, कुरूप म्हणत नाही, काहीच म्हणत नाही.

‘आम्ही तब्येतीसाठी बोलतो’ ही ढाल उरते. तिच्यात तथ्य आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या आणि 18.7 टक्के गरजेपेक्षा बारीक. मधुमेह, रक्तदाब, गुडघे हे काही थट्टेचे विषय नाहीत. पण ही काळजी ज्या जिल्ह्यात बोलून दाखवली जाते तो पालघर जिल्हा आहे. इथून मोखाडा-जव्हारच्या अंगणवाडीत जा, सेविका लेकराच्या दंडाला पट्टी गुंडाळते आणि ती लाल, पिवळी की हिरवी ते पाहते. तिथे बारीक असणं म्हणजे सरकारी नोंदवहीतला रकाना. त्याच जिल्ह्यात तुळिंजच्या जिमबाहेर फलक असतात, इतक्या दिवसांत इतके किलो कमी. ज्यांना खरोखर तब्येतीची चिंता आहे त्यांनी बायकांच्या ताटात काय पडतं, चालायला फुटपाथ मोकळा आहे का, झोप किती तास मिळते, हे विचारावं. ‘किती जाडी झालीस’ म्हटल्यानं कोणाची साखर उतरल्याचं ऐकिवात नाही.

कायद्यानं या गोंधळात बायकांपेक्षा जास्त समज दाखवली आहे असं मी एरवी म्हणणार नाही, पण ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एक निकाल दिला. उमरेडजवळच्या एका रिसॉर्टवर तोकड्या कपड्यांत नाचणाऱ्या बायका आणि ते पाहणारे पुरुष, असा गुन्हा पोलिसांनी नोंदवला होता. असे कपडे, असं नाचणं एवढ्यावरून अश्लीलता ठरत नाही, आता हे सर्रास दिसतं, असं म्हणत न्यायालयानं तो रद्द केला. त्याच वर्षी मे महिन्यात तुळजापूरच्या मंदिरात अंगप्रदर्शक कपडे घालणाऱ्यांना प्रवेश नाही असा फलक लागला आणि काही तासांत उतरला. जानेवारी 2025 मध्ये सिद्धिविनायक न्यासानं तोकड्या कपड्यांवर बंदी जाहीर केली. देवळाचे नियम मी एकवेळ समजू शकते. कोणाच्याही घरी जाताना आपण यजमानाचं मन राखतो. पण 2024 मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजनं आधी हिजाब-बुरखा बंद केला, आणि पाठोपाठ फाटक्या जीन्स आणि टी-शर्टही. हिजाबचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्टमध्ये त्या बंदीला अंशतः स्थगिती मिळाली. फार झाकलं तरी चूक, कमी झाकलं तरी चूक, तेही एकाच फाटकावर! गुडघ्यावर भोक असलेली जीन्स आणि डोक्यावर रुमाल या दोन्हींत समान एकच गोष्ट आहे. दोन्ही मुलीनं स्वतः ठरवून घातलेल्या असतात, किंवा निदान प्राचार्यांनी ठरवून दिलेल्या नसतात.

राहता राहिली घरातली गोष्ट, जिथे न्यायालय पोचत नाही. मुलगी क्रॉप टॉप घालून क्लासला निघते. दोन बोटं पोट दिसतं. आई दारात उभी राहून म्हणते, ‘हे असं बाहेर जायचं?’ आईच्या अंगावर गाऊन असतो, खांद्यावर टॉवेल. दुसऱ्या दिवशी मुलगी मैत्रिणीला घेऊन येणार असते आणि आईला बजावते, ‘मम्मी, प्लीज, ती येईल तेव्हा गाऊनवर नको राहूस. आणि खाली दूध आणायलाही तसंच नको जाऊस.’ आईला मुलीच्या दोन बोटं पोटाची लाज वाटते, मुलीला आईच्या न दिसणाऱ्या पोटाची. दोघीही तेवढ्याच प्रामाणिक आहेत. मुलीला वाटतं आपण पुढारलेल्या; पण तिचा पुढारलेपणा सपाट पोटापर्यंतच आहे, उद्या ते सुटलं तर टॉप कपाटात जाईल हे तिलाही माहीत असतं. आईला वाटतं आपण मर्यादेत आहोत. पण तिची मर्यादा कोणी पाहुणा आला की टॉवेल शोधत धावते. भांडण झालं की आई साडी नेसते, मुलगी वर शर्ट चढवते, आणि घरातला बाप उघड्या अंगावर पंचा गुंडाळून, ढेरी सांभाळत, गॅलरीत उभा राहून सगळ्या चाळीदेखत दात घासत असतो.